पदवीची टोपी आणि सेवेची वाट

ग्वाल्हेरच्या लष्कर भागात, महाराज वाड्यानजीक, टोपी बाजार नावाची पेठ आहे. १८१० मध्ये दौलतराव शिंद्यांची छावणी पडली आणि त्या छावणीचेच पुढे लष्कर नावाचे नगर झाले. तेव्हापासून मराठी घराणी तेथे नांदत आली आहेत. टोपी या शब्दाचा मराठीतला दुसरा अर्थ आम्ही वाचकांस सांगावयास नको. विद्यापीठे आज आमच्या मुलांच्या मस्तकी पदवीची जी टोपी चढवितात, ती कोणत्या अर्थाची, असा प्रश्न लष्करातल्या मराठी बापाला पडतो, तसाच तो बेळगावच्या आणि निपाणीच्या बापालाही पडतो.

नोकरी न मिळण्याचे दुःख मोठेच आहे, आणि सीमाभागातील मराठी तरुणाच्या वाट्याला ते १९५६ पासून अधिकच आले आहे. परंतु आज आम्ही बोलणार आहोत ते वेगळ्या दुःखाविषयी. पदवी आहे, प्रसंगी पगारही आहे, पण मन रमत नाही. आपल्या हातून कोणाचे अश्रू पुसले जात नाहीत, ही रुखरुख जिवाला लागून राहते. अशा तरुणाला घरची मंडळी 'आता शिकलास ते शिकलास' म्हणून गप्प बसवितात. आमच्या मते हा उपदेश चुकीचा आहे, आणि आमचाच इतिहास त्याविरुद्ध साक्ष देतो.

ग्वाल्हेरचेच उदाहरण घ्या. विष्णु नारायण भातखंडे यांनी १८८७ मध्ये कायद्याची पदवी घेतली आणि वकिलीही केली. पण मन होते गायनविद्येत, आणि ती विद्या घराण्यांच्या कडीकुलुपात होती. वकिली सोडून त्यांनी देश पालथा घातला, उस्तादांच्या पायाशी बसून चिजा मिळविल्या आणि त्या स्वरलिपीत उतरवून क्रमिक पुस्तके रचली. १९१८ मध्ये ग्वाल्हेरात माधव संगीत विद्यालय उघडले ते त्यांच्याच मार्गदर्शनाखाली. सामान्य घरच्या मुलाला जे दार बंद होते ते उघडून देणे, ही सेवा नव्हे तर काय?

दुसरे उदाहरण वरोड्याचे. मुरलीधर देविदास आमटे हेही कायद्याचे पदवीधर. वकिली चालत असताना त्यांनी डोक्यावरून मैल्याची टोपली वाहिली. १९४९ मध्ये महारोगी सेवा समिती स्थापन झाली, आणि १९५१ मध्ये सहा रुग्ण, एक लंगडी गाय व चौदा रुपये एवढ्या भांडवलावर आनंदवन उभे राहू लागले. हे सारे महाराष्ट्राला पाठ आहे. पण मधली एक गोष्ट आम्ही विसरतो. या वकिलाने प्रथम कलकत्त्यास जाऊन तेथील स्कूल ऑफ ट्रॉपिकल मेडिसिनमध्ये कुष्ठरोगाचे शिक्षण घेतले. केवळ करुणेच्या बळावर त्यांनी रोग्याच्या जखमेला हात घातला नाही.

आमच्या प्रतिपादनाचे मर्म येथेच आहे. नावडती पदवी म्हणजे फुकट गेलेले आयुष्य नव्हे. पण सेवेची इच्छा म्हणजे सेवेची पात्रताही नव्हे. भातखंडे उस्तादांपुढे आणि आमटे वैद्यांपुढे पुन्हा विद्यार्थी झाले. ज्याला दुसऱ्याच्या उपयोगी पडावयाचे आहे, त्याने पुन्हा पाटीपेन्सिल हाती घेण्याची लाज बाळगू नये.

वाटा आहेत आणि त्या बंद नाहीत. समाजकार्याचा पदव्युत्तर अभ्यासक्रम दोन वर्षांचा असून कोणत्याही शाखेच्या पदवीधराला तो घेता येतो. मुंबईत या विद्येची शाळा टाटांच्या विश्वस्त निधीने १९३६ मध्येच काढली. अपंग व मंदगती मुलांना शिकविण्याचे स्वतंत्र प्रशिक्षण आहे, आणि १९९२ च्या कायद्याने त्या शिक्षकांची रीतसर नोंदणी होते. परिचारिकेचा तीन वर्षांचा अभ्यासक्रम कला शाखेतून बारावी झालेल्यांसही खुला आहे. मात्र प्रवेशापूर्वी सहा महिने दर रविवारी एखाद्या रुग्णालयात वा अंधशाळेत जाऊन काम करून पाहावे. घाण, कंटाळा आणि कृतघ्नता यांची भेट तेथे होईल. त्यानंतरही पाय तिकडेच वळत असतील, तर ती वाट आपली समजावी.

आता दोन शब्द समाजाला. सेवा म्हटली की आम्ही हार घालतो आणि वेतनाचा प्रश्न आला की तोंड फिरवितो. अंगणवाडी सेविकेला आणि आशा कार्यकर्तीला सरकार पगार देत नाही, 'मानधन' देते. या शब्दातला मान सरकारजवळ राहतो आणि धन तर कोठेच दिसत नाही. सेवाव्रती माणसालाही घरभाडे द्यावे लागते. जो समाज आपल्या परिचारिकेला अर्धपोटी ठेवतो, त्याने तरुणांना त्यागाचे पाठ देऊ नयेत.

आणि शेवटी आमच्या चळवळीविषयी. खेड्यातली म्हातारी आपली वेदना मातृभाषेतच सांगू शकते. रुग्णालयातल्या खाटेवर भाषेचा प्रश्न हा राजकारणाचा राहत नाही, प्राणाचा होतो. म्हणून सीमाभागातील प्रत्येक रुग्णालयात, प्रत्येक शाळेत मराठी जाणणारा सेवक असला पाहिजे, ही आमची मागणी आहे. त्याच न्यायाने आमच्या परिचारिकेने शेजारच्या खाटेवरील कानडी आजीचे दुखणेही समजून घेतले पाहिजे. कानडी शिकल्याने आमचा हक्क तसूभरही उणा होत नाही. ग्वाल्हेरचा मराठी माणूस हिंदीत व्यवहार करून दोन शतके मराठी राहिला आहे.

सीमेचा निकाल लागावयाचा तेव्हा लागेल, आणि तो न्यायाने लागावा म्हणून आम्ही झगडत राहू. पण तोवर आमच्या पदवीधरांनी रिकाम्या हातांनी वाट पाहत बसावे, हे आम्हांस मान्य नाही. ज्या माणसांसाठी हा लढा आहे, ती माणसे आजच आजारी आहेत, आजच निरक्षर आहेत, आजच एकाकी आहेत. त्यांच्याकडे जाण्यास कोणत्याही आयोगाच्या परवानगीची गरज नाही. गरज आहे ती पुन्हा शिकण्याच्या तयारीची, आणि शिकून आलेल्याला सन्मानाने जगविणाऱ्या समाजाची.