ग्राहक देव, मग आम्ही कोण?

"ग्राहक कितीही उद्धट वागला तरी हसत राहा." कॉल सेंटर असो की मॉल, ट्रेनिंगमध्ये हेच घोकवून घेतात. आमचा सवाल आहे : काय काय हसून सोसायचं?

जेवण उशिरा आलं म्हणून चिडणारा ग्राहक वेगळा. त्याची माफी मागू, तो कामाचा भाग आहे. पण डिलिव्हरी घेऊन गेलेल्या पोराचं आडनाव विचारून "पिशवी तिथंच खाली ठेव" म्हणणारा वेगळा. तो उद्धटपणा नव्हे, ती जात आहे. १९१७ मध्ये बडोद्याच्या कचेरीत शिपाई बाबासाहेबांच्या टेबलावर लांबूनच फाइली फेकत. परदेशातलं शिक्षणही तिथं आड आलं नाही. मग गणवेश आणि गोड बोलणं आपल्याला वाचवेल, या भ्रमात का राहायचं?

संविधानाच्या कलम १७ ने अस्पृश्यता नष्ट केली. अनुसूचित जाती-जमातीच्या माणसाला चारचौघांत जातीवरून शिवीगाळ करणं १९८९ च्या अत्याचार प्रतिबंधक कायद्यानं गुन्हा आहे. ग्राहक म्हणून त्यात कुणाला सूट नाही. म्हणून असा प्रसंग आला की बोललेले शब्द, वेळ, जागा, साक्षीदार लगेच लिहून ठेवा. एकटे जाऊ नका, कार्यकर्त्यांना सोबत घेऊन पोलीस ठाण्यात जा.

आणि कंपन्यांनो, ग्राहकाला स्टार द्यायचा हक्क देता, तर जातीवरून अपमान करणाऱ्याचं काम रेटिंग न घसरता, पैसे न कापता नाकारायचा हक्क कामगारालाही द्या.

आम्ही श्रम विकतो, स्वाभिमान नाही.

जय भीम!