वेग कूलरमध्ये नसतो

‘कूलर दमदार घ्या, मग प्रोसेसर हवा तेवढा पळवा.’ मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर सुटे भाग जुळवून पीसी बांधून घेणाऱ्याला हा सल्ला कुणी ना कुणी देतोच. त्यामागचा युक्तिवाद असा: वेग उष्णतेमुळे अडतो, उष्णता काढली की अडसर गेला, म्हणून कूलर जितका मोठा, तितका ओव्हरक्लॉक जास्त. यातला पहिला भाग खरा असल्यामुळे उरलेलाही खरा वाटतो. तो तसा नाही, आणि बेताचे पैसे जमवून पीसी घेणाऱ्या मुलांचे त्यापायी नुकसान होते.

या पक्षाकडे पुरावे आहेत, ते डावलता येणार नाहीत. ऑक्टोबर 2022 मध्ये इंटेलचा कोअर आय9-13900के द्रव नायट्रोजन ओतून 8.8 गिगाहर्ट्झपर्यंत नेला गेला. थंड सिलिकॉनमध्ये विजेची गळती कमी होते, ट्रान्झिस्टर अधिक चपळ होतात, हेही खरे. शिवाय 2011 चा आय7-2600के: मूळ वेग 3.4 गिगाहर्ट्झ, पण साध्या एअर कूलरवर तो 4.5 पर्यंत सहज जाई.

पण द्रव नायट्रोजन असतो उणे 196 अंशांवर, आणि असे विक्रम मोजून घेण्यापुरते टिकतात. घरातला कूलर हवेचा असो की पाण्याचा, प्रोसेसरला खोलीच्या तापमानाखाली नेऊ शकत नाही. तो फक्त खोलीपेक्षा किती वर राहायचे एवढेच ठरवतो. पंचावन्न अंशांचा फरक राखणारा कूलर 22 अंशांच्या वातानुकूलित खोलीत 77 दाखवेल; मे महिन्यात नागपूरच्या 42 अंशांच्या खोलीत तोच 97 वर जाईल. नायट्रोजनचा दाखला देऊन रेडिएटर विकणे म्हणूनच गैर आहे.

2600केची गोष्ट वेगळी. तिथे वेग कूलरने दिला नव्हता, कारखान्यानेच तो शिल्लक ठेवला होता. 1998 चा सेलेरॉन 300ए आठवा. बसचा वेग 66 वरून 100 मेगाहर्ट्झ केला की 300 चा प्रोसेसर 450 वर चाले, आणि त्यासाठी कोणताही थोर कूलर लागत नसे. आज ती शिल्लक कंपनी स्वतःच खर्चून टाकते. आय9-14900के कारखान्यातूनच 6 गिगाहर्ट्झच्या बूस्टसह येतो. वापरणाऱ्याने आणखी काढायचे ते कुठून?

आता हिशेब पाहा. प्रोसेसरमध्ये खर्च होणारी वीज ढोबळमानाने वेगाच्या आणि व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. समजा 5.0 वरून 5.2 गिगाहर्ट्झवर जायला व्होल्टेज 1.25 वरून 1.35 करावे लागले. वेग वाढला 4 टक्के, उष्णता वाढली सुमारे 21 टक्के. मोठा कूलर ती जास्तीची उष्णता उचलेल, पण 4 चे 8 करणार नाही. त्यासाठी आणखी व्होल्टेज लागेल, आणि व्होल्टेज चिप झिजवते. इंटेलच्या तेराव्या-चौदाव्या पिढीचे अनेक डेस्कटॉप प्रोसेसर अस्थिर झाले, तेव्हा 2024 मध्ये कंपनीने जे कारण सांगितले त्यात वाढीव व्होल्टेज प्रमुख होते. उपाय म्हणून आला तो मायक्रोकोड, व्होल्टेजची मागणी आवरणारा.

उष्णता कूलरपर्यंत पोहोचण्याचाही प्रश्न आहे. रायझन 7000 मधली कोर असलेली चकती जेमतेम 70 चौरस मिलिमीटरची. सगळी धग तेवढ्याशा जागेतून वरच्या धातूच्या झाकणात जाते, मग पेस्टमध्ये, मग कूलरमध्ये. 2012 च्या आय7-3770केमध्ये इंटेलने झाकणाखाली डाखाऐवजी पेस्ट वापरली. हौशी लोकांनी झाकण उचकटून ती बदलली आणि त्याच कूलरवर तापमान बरेच उतरले. वाट आतच अरुंद असेल, तर बाहेर 360 मिलिमीटरचा रेडिएटर लावून काय होणार!

मग कूलर हवा कशाला? प्रोसेसरने कबूल केलेला वेग तासन्‌तास टिकवायला. सलग रेंडरिंग करताना 253 वॅट ओढणारा प्रोसेसर किरकोळ कूलरवर 100 अंशांना टेकतो आणि वेग आपोआप उतरवतो. तिथे चांगल्या कूलरचा पैसा खराखुरा वसूल होतो. पंखा कमी ओरडतो, हेही काही थोडे नाही. पुरेसा कूलर आणि हवा खेळती ठेवणारा कॅबिनेट यांच्या बाजूने मी ठामपणे उभा आहे.

त्यापुढे मात्र वाट उलटी आहे: व्होल्टेज वाढवण्याऐवजी उतरवा. रायझन 9 7950एक्स 105 वॅटच्या इको मोडमध्ये टाकला की त्याची वीजमर्यादा 230 वरून 142 वॅटवर येते. सगळे कोर राबवणाऱ्या कामातही वेग त्या मानाने फारच थोडा घटतो. काळजीपूर्वक अंडरव्होल्ट केलेला प्रोसेसर पुष्कळदा मूळ वेगापेक्षा किंचित वरच राहतो, कारण तापमानाला आणि वॅटला मोकळीक मिळते. ज्यांना ओव्हरक्लॉकिंगचा छंदच आहे, त्यांनी तो जरूर करावा. चिपची मर्यादा शोधण्यात खरा आनंद आहे. पण ज्याला गेम आणि एडिटिंग वेगाने हवे आहे, त्याने आधी पाहावे की रॅमची एकच पट्टी लावली आहे का. असेल तर मोठ्या कूलरचे पैसे तशाच दुसऱ्या पट्टीवर घालावेत आणि दोन्ही चॅनेल चालू करावेत: मेमरीची कमाल वाहतूक दुप्पट होते, आणि त्यासाठी प्रोसेसरचे व्होल्टेज कणभरही वाढवावे लागत नाही.