निळूभाऊ खलनायक? कुणाचे?

१३ जुलै २००९ला निळूभाऊ फुले गेले. डोंबिवलीच्या नाक्यावर मजुरीला उभं राहिलं की एकच ऐकू यायचं, पडद्यावरचा बेरकी पाटील गेला. आम्ही म्हणतो, हे अर्धंच झालं.

पुण्याच्या लष्करी वैद्यकीय कॉलेजात माळीकाम केलेला, राष्ट्र सेवा दलाच्या कलापथकात तयार झालेला हा माणूस. पाटील गरिबाला कसा वाकवतो ते त्यांनी खालून पाहिलेलं. 'सामना'तला साखरसम्राट हिंदुराव आठवा, मारुती कांबळेचा खून पचवू पाहणारा. असला हिंदुराव आपल्या तालुक्यात नाही काय? नाव घ्यायला नको, समद्यांना ठाऊक आहे.

शहाणे विचारतात, नटाला चळवळ कशाला? मग ऐका. डॉ. लागू, निळूभाऊ आणि सोबत्यांनी 'लग्नाची बेडी'चे प्रयोग महाराष्ट्रभर केले, ते पैसे सामाजिक कृतज्ञता निधीत घातले. त्यातून चळवळीच्या पूर्णवेळ कार्यकर्त्यांना दरमहा मानधन मिळू लागलं. हे नाटक नव्हे काय?

ठाण्यात गडकरी, कल्याणात अत्रे, अशी मोठी नाट्यगृहं. तिथं टाळ्या घेणाऱ्यांपैकी किती जण आमच्या वनहक्क दाव्यांबद्दल चकार शब्द काढतात? निवडणुकीला मात्र जीपमधून हात हलवायला हजर! २००६ चा कायदा झाला, तरी साहेब म्हणतो पुरावा आणा. बापजाद्यांनी लावलेला आंबा पुरावा नाही?

दाव्याचे कागद करायला पाड्यावर येणाऱ्या पोरालाही पोट आहे. आता लावणीचे दिवस, घरात दाणा नाही, कळतं आम्हांला. पण भात झोडला की घरटी शेरभर तांदूळ बैठकीत आणा.