भंगाराचा भाव

बरेच दिवस लिहीन लिहीन म्हणत होतो, पण राग शांत झाल्याशिवाय लिहायचं नाही असं ठरवलं होतं. राग काही शांत होत नाहीये, तेव्हा लिहूनच टाकतो.

तर झालं असं. माझी मावशी सांगलीला असते. काका गेल्या वर्षी दिवाळीनंतर अचानक गेले. टिंबर एरियाजवळ भाड्याच्या शेडमध्ये त्यांचं सुतारकामाचं वर्कशॉप होतं. दारं, चौकटी, देव्हारे, शाळांची बाकं. तेरा इंची रंधा मशीन (थिकनेसरसकट), अठरा इंची बँडसॉ, सर्क्युलर सॉ, सांध्याची भोकं पाडायचं चेन मॉर्टायझर, एक लेथ, आणि भिंतभर शिकंजे.

तेराव्याला पानं उठली आणि त्याच धंद्यातले एक गृहस्थ मावशीजवळ येऊन बसले. "वहिनी, तुम्ही कशाची काळजी करू नका. ती मशिनं मी घेतो. सगळ्याचे मिळून चाळीस हजार. भंगारात घालाल तर एवढेपण यायचे नाहीत. दादांची आठवण म्हणून नीट वापरीन."

घरातल्या सगळ्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला. चला, एक काम मार्गी लागलं! मावशी तेवढी काही बोलली नाही.

आता तुम्हाला वाटेल मी या गृहस्थांवर चिडलोय. नाही हो. तो धंदेवाला माणूस, स्वस्तात मागणारच. मी चिडलोय ते आपल्यावर. म्हणजे माझ्यावर, बंगलोरहून आलेल्या माझ्या मावसबहिणीवर, आणि अशा वेळी चार दिवसांची रजा टाकून गावी जाणाऱ्या आपल्यासारख्या सगळ्यांवर. आपल्याला परतीची बस गाठायची असते. सोमवारी स्टँडअप असतो. मग बँक, विमा, गॅसचं कार्ड, काकांची मशिनं, सगळ्याची यादी करायची आणि एकेका ओळीवर काट मारत सुटायचं. मी तर मोबाइलवर बसल्याबसल्या शेडचं थ्री-फेज कनेक्शन कायमचं बंद करायचा अर्जही टाकून मोकळा झालो. फुकट बिल कशाला भरायचं? स्वतःवर काय खूश होतो त्या दिवशी!

या शहाणपणाची किंमत पुढे कळली. बंद पडलेलं मशीन आणि बंद ठेवलेलं मशीन यांतला फरक घेणाऱ्याला डोळ्यांनी दिसत नाही. तो चालवून बघतो. फळी घालून रंधा कसा निघतो ते पाहतो, बेअरिंगचा आवाज ऐकतो, बँडसॉची पात सरळ धावते का बघतो. वीज नसेल तर मग तो लोखंडाचाच भाव करतो, आणि त्यात त्याचं काही चुकत नाही. शेवटी मांडववाल्याकडून थ्री-फेज जनरेटर आणला. एका दिवसाचे डिझेलसकट साडेचार हजार. लोकहो, लिहून ठेवा: सगळं विकून होईपर्यंत मीटर कापू नका.

पण त्याआधी एक प्रश्न. जुनी यंत्रं म्हणजे भंगार, हे आपल्याला इतकं सहज का पटतं? मला वाटतं, आपली स्वतःची हत्यारं चार वर्षांत मरतात म्हणून. चार वर्षांचा लॅपटॉप कोणी फुकट घेत नाही, पाच वर्षांचा फोन बरेचदा अपडेट घेत नाही. तोच हिशोब आपण रंध्याला लावतो. रंध्याचा जीव असतो तो त्याच्या बिडाच्या टेबलात. ते तडकलेलं नसेल, सपाट असेल, तर बाकी सगळं बदलता येतं. बेअरिंग, पट्टा, पाती, अगदी मोटरसुद्धा. सपाटी बघायची तर स्टीलची सरळ पट्टी आडवी, उभी आणि कोनातून ठेवायची आणि खालून उजेड दिसतो का पाहायचं. इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला वर्कशॉपमध्ये हेच करून मार्क मिळवले होते की आपण! तेव्हा विसरायला काही निमित्त नाही.

नात्यातल्या एका अकाउंटवाल्यांनी दुसरं अस्त्र काढलं. "पुस्तकी किंमत बघ, काही उरलेलं नाही त्यात." आता प्राप्तिकराच्या हिशोबात साध्या यंत्रसामग्रीवर दरसाल १५ टक्के घसारा धरतात, तोही उरलेल्या किमतीवर. म्हणजे एक लाखाचं मशीन बारा वर्षांनी कागदावर साधारण १४ हजारांचं. हे गणित कर भरण्यासाठी आहे. ज्या सुताराला उद्या सकाळी चाळीस चौकटी काढायच्या आहेत, त्याला तुमच्या घसाऱ्याशी काय करायचंय?

मग किंमत काढायची कशी? फार अवघड नाही. भंगाराचा भाव हा तळ. तसंच नवीन मशीन आज कितीला मिळतं ते कोटेशन हे छत. खरी किंमत या दोहोंच्या मध्ये कुठेतरी. छतापासून खाली यायचं: दुरुस्तीला लागेल तेवढं वजा, वॉरंटी नाही म्हणून वजा, उचलून न्यायचा खर्च घेणाऱ्यावर टाकला तर त्याचे वजा. मोटरवरची पाटी वाचायची, एचपी आणि आरपीएम लिहून घ्यायचे, चालू असतानाचा व्हिडिओ काढायचा. दोष असतील ते आपणहून सांगायचे. आमच्या बँडसॉच्या वरच्या चाकाचं रबर झिजलं होतं. ते आधीच सांगितलं, पाच हजार कमी केले, आणि पुढची घासाघीस तिथेच संपली.

हे सगळं मी फार हुशारीने केलं असं वाटत असेल तर थांबा. मला यातलं काहीही माहीत नव्हतं. माहीत होतं ते मावशीला.

वर्कशॉपचा हिशोब वीस वर्षं तीच लिहायची. कोणत्या मशिनचं बेअरिंग कधी बदललं, मोटर कोणी वाइंडिंग केली, तांब्याचं केलं की अॅल्युमिनियमचं, कितीला, सगळं तारीखवार. आपण कमिट मेसेजमध्ये नुसतं 'फिक्स्ड' लिहून घरी जातो, आणि या बाईने वीस वर्षांचा मेंटेनन्स लॉग ठेवलाय! आम्ही दोन इंजिनिअर तिच्या घरात तेरा दिवस वावरलो, आणि एकानेही तिला विचारलं नाही की, मावशी, यातलं तुला काय ठाऊक आहे?

एक गिऱ्हाईक आलं ते आल्या आल्या म्हणालं, "पुरातलं मशीन आहे साहेब हे, आतून कुजलेलं असणार." ऑगस्ट २०१९ च्या महापुरात सांगलीचं काय झालं ते तुम्हाला आठवत असेल. शेडमध्येही पाणी होतं. मी गप्प. मावशीने वही उघडली. पाणी चढायच्या आदल्या रात्री ह्यांनी मोटरी काढून माळ्यावर टाकल्या, पाणी ओसरल्यावर दोन्ही बेअरिंगं नवीन घातली, ही पावती. तो माणूस पावती वाचून पुन्हा माझ्याकडेच वळला, "मग काय साहेब, कितीला देणार?"

"आकडा मी सांगते," मावशी म्हणाली.

अठ्ठ्याहत्तर हजारांना गेला रंधा. बँडसॉ बावन्न. सर्क्युलर सॉ अठरा, मॉर्टायझर सोळा, लेथ नऊ, शिकंजे आणि बाकी किडूकमिडूक तेरा. एकूण एक लाख शहाऐंशी हजार. पाच महिने लागले. शेडचं भाडं महिना सहा हजार, म्हणजे तीस हजार गेले, जनरेटरचे साडेचार. हातात दीड लाखाच्या वर उरले. आमच्या घाईची किंमत त्यामुळे नेमकी सांगता येते: एक लाख अकरा हजार पाचशे. मावशीला पेन्शन नाही. तिच्या घरखर्चाने हे जवळजवळ एक वर्ष होतं. तेराव्याच्या दुपारी, आमची बस चुकू नये म्हणून, आम्ही तिचं एक वर्ष विकायला निघालो होतो.

आता दुसरी बाजू. थांबणं नेहमीच फायद्याचं नसतं, मान्य. शेडचं भाडं वीस हजार असतं तर गणित वेगळं आलं असतं. पावसाळाभर मशीन तसंच पडलं तर बिडावर गंज चढतो. (तेलाचा हात मारून झाकून ठेवा.) म्हणून मुदत ठरवा, चार महिने, सहा महिने. पण ती आकडेमोड करून ठरवा, आपल्या रजेवरून नको. आणि विकायच्या आधी वारस कोण ते बघा. मृत्युपत्र नसेल तर १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याप्रमाणे नवऱ्याच्या मालमत्तेत बायको, मुलं आणि त्याची आई हयात असेल तर ती, असे वारस येतात. त्यांची संमती कागदावर घ्या. आमच्याकडे मावशी आणि बहीण दोघीच होत्या, तिने एका ईमेलवर हो म्हटलं.

राहता राहिली 'आठवण'. या शब्दापासून सावध राहा. आठवण म्हणून वापरीन म्हणणारा आठवणीचे पैसे कापून घेतो. आणि आपणही कमी नाही. काकांचा जुना लाकडी हातरंधा मी बाजूला काढला आणि म्हटलं, हा तरी ठेव. मावशी म्हणाली, "मला काय करायचाय रंधा? तुला पाहिजे तर घेऊन जा. पैसे दे मात्र." दिले. पाचशे. (घासाघीस करून बघितली, जमली नाही.)

असो. तुमच्यापैकी बऱ्याच जणांच्या घरी कोणाचं तरी लेथ आहे, पिठाची गिरणी आहे, शिलाईची मशिनं आहेत, छपाईचं यंत्र आहे. ज्याच्या हाताखाली ते चालतं तो माणूस अजून आहे, तोवर या वीकांताला फोन करा. काय कितीला घेतलं, कधी दुरुस्त केलं, आज कितीला जाईल, कोण घेईल, विचारून घ्या. विषय अशुभ वाटेल, बोलणी बसतील, बसू देत. आणि फोन फक्त बाबांना करू नका. बहुतेक घरांत हिशोबाची वही आईकडे असते.