दिवाडीला वळसा घालणारं खानापूरचं पाणी

बेळगावच्या माणसाला गोवा लांब वाटत नाही. शनिवारी दुपारी दुकान बंद करायचं, जांबोटीमार्गे चोर्ला घाट उतरायचा, रात्री कळंगुटला मासे खायचे आणि सोमवारी सकाळी परत गल्ल्यावर बसायचं. निपाणीचे लोक आजरा-आंबोलीच्या वाटेनं जातात, पण शेवटी पोचतात त्याच वाळूवर. पणजीजवळ मांडवीच्या पुलावरून जाताना सगळ्यांच्या माना समुद्राकडे वळतात. वरच्या अंगाला, जुन्या गोव्यापाशी, त्याच नदीत दिवाडी नावाचं बेट आहे. गोव्यात आपल्या बेळगाव जिल्ह्याशी त्याच्याइतका जुना आणि घट्ट संबंध असलेली दुसरी जागा मला माहीत नाही, आणि नेमकी तीच आपण टाळून पुढे जातो. याची मला मनापासून खंत वाटते.

या वेळी आम्ही सावकाश गेलो, कारण मागे घर होतं. निपाणीच्या आमच्या दाजींनी उद्यमबागेतून एक छोटी कॅरव्हॅन बनवून घेतली आहे. पिकअपमागे जोडायची, आत दोन बाक, तेच रात्री पलंग, एक शेगडी, पाण्याची टाकी आणि ताईनं हट्टानं बसवून घेतलेलं भांड्यांचं फडताळ. महाराष्ट्रानं २०२१ मध्ये कॅरव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं, तेव्हापासून दाजींच्या डोक्यात हे होतं. गाडी ओढायला भाचा. निपाणी-चिकोडी भागात हंगामात उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या जोडून ट्रॅक्टर कारखान्याला जातात, आणि त्याचा हात त्याच कामावर बसलेला. जांबोटीच्या पुढे एका अरुंद वळणावर मागे घ्यायची वेळ आली, तेव्हा तो मला म्हणाला, "मामा, तुम्ही उतरून मागचं चाक बघा की. ट्रॉली मागं घेताना स्टेअरिंग उलटं मारायचं असतंय, घाईनं मारलं की घडी बसती." आणि त्यानं इंच इंच करत, स्टेअरिंग उजवीकडे-डावीकडे जेमतेम हलवत ते सगळं धूड सरळ मागे आणलं. कौतुक वाटावं असं काम होतं ते.

कणकुंबीला थांबलो. माउलीच्या देवळापाशी मलप्रभेचा उगम आहे. तिथलं कुंड बघून ताईनं हात जोडले, कारण हेच पाणी पुढे सौंदत्तीच्या यल्लम्मा डोंगराजवळून जातं आणि कुडलसंगमाला कृष्णेला मिळतं. निपाणीकडच्या घरांत यल्लम्मा आहेच. पण याच डोंगराळ मुलखात थोडं बाजूला पडलेला पाऊस पूर्वेला जात नाही. भीमगडच्या रानातले ओढे पश्चिमेला वळतात, गवाळीजवळ वज्रपोह्यावरून उडी घेतात आणि म्हादई होऊन सत्तरीत शिरतात. पुढे तिलाच लोक मांडवी म्हणतात. एकाच तालुक्यातलं पाणी, काही बंगालच्या उपसागराला, काही अरबी समुद्राला. दिवाडी ज्या पाण्यात उभं आहे त्यातला एक वाटा आपल्या खानापूरच्या पावसाचा आहे.

घाट उतरून साखळी, डिचोली आणि मग नार्वे. बहुतेक गाड्या डिचोलीहून म्हापशाकडे वळतात. नार्व्याला सप्तकोटेश्वराचं देऊळ आहे, आणि बेळगावकरानं गोव्यात पहिलं पाऊल इथे टाकावं असं माझं ठाम मत आहे. हा गोव्याच्या कदंबांचा कुळदेव. 'सप्तकोटीश्वराचा वरप्रसाद लाभलेले' असं ते आपल्या बिरुदात मिरवायचे. त्यांचा मुलूख दोन भागांचा : कोंकण नऊशे आणि पलसिगे बारा हजार. ही पलसिगे म्हणजे आपली खानापूर तालुक्यातली हलशी. तिथलं भूवराह नरसिंहाचं देऊळ आपण शाळेच्या सहलीत बघितलेलं असतं. ते बाराव्या शतकात शिवचित्त पेर्माडी या कदंब राजाच्या काळात उभं राहिलं. त्याची राणी कमलादेवी. कित्तूरजवळच्या देगावचं कमलनारायणाचं देऊळ तिनं बांधवलं. भिंतींवर इतकं बारीक कोरीवकाम असलेलं देऊळ आपल्या जिल्ह्यात क्वचितच सापडेल. याच राजघराण्यानं दिवाडी बेटावर सप्तकोटेश्वराचं मोठं देऊळ उभारलं. हलशी, देगाव आणि दिवाडी एका धाग्यात ओवून बघितल्याशिवाय यातलं एकही ठिकाण पुरतं कळत नाही.

ते मूळ देऊळ आता बेटावर नाही. चौदाव्या शतकात बहमनी फौजांनी ते पाडलं, विजयनगरच्या माधव मंत्र्यानं पुन्हा बांधलं, आणि सोळाव्या शतकात पोर्तुगिजांनी परत पाडलं. लिंग विहिरीच्या रहाटाला टेकू म्हणून लावलं होतं असं सांगतात. तिथून ते भाविकांनी रातोरात नदीपार आणलं आणि डिचोलीच्या बाजूला, पोर्तुगिजांच्या हद्दीबाहेर, पुन्हा बसवलं. गावाचं नावही देवाबरोबर आलं, म्हणून नदीच्या दोन्ही तीरांना नार्वे आहे. नोव्हेंबर १६६८ मध्ये शिवाजी महाराजांनी या देवळाचा जीर्णोद्धार करायची आज्ञा दिली. तो शिलालेख देवळात आहे. आताची डागडुजी गोवा सरकारनं केली आणि २०२३ च्या फेब्रुवारीत देऊळ पुन्हा दर्शनाला खुलं झालं. गाभाऱ्यातलं लिंग गुळगुळीत नाही, त्याला उभ्या धारा आहेत. मी त्याच्याकडे बराच वेळ बघत उभा होतो. एवढे हात लागून, एवढी पाडापाड सोसून ते धड राहिलं, याचं श्रेय कुणा राजाचं नाही. रात्री होडी वल्हवणाऱ्या माणसांची नावं कुठेच कोरलेली नाहीत.

कॅरव्हॅन नार्व्यालाच एका ओळखीच्या घराच्या अंगणात सोडवून ठेवली आणि नुसती पिकअप घेऊन फेरीबोटीवर चढलो. दिवाडीला रस्त्याचा पूल नाही. मोटार असो की म्हातारी बाई, बेटावर जायचं तर फेरी. लोखंडी फळी धाडकन धक्क्यावर पडते, दुचाक्या आधी सुटतात, मग माणसं, मग चारचाकी. पाचेक मिनिटांत पलीकडचं नार्वे. तिथे कोटीतीर्थाचं दगडी कुंड आहे. देवळाची खरी जागा या परिसरात.

बेटाच्या मधोमध टेकडी आणि टेकडीवर पिएदादचं चर्च. अठराव्या शतकाच्या सुरुवातीला आंतोनियो जुआंव द फ्रियश या गोमंतकीय पाद्र्यानं आताची इमारत उभी केली. ती देखणी आहेच, पण माझे पाय शेजारच्या दफनभूमीकडे वळले. तिथल्या लहानशा चॅपेलचं छत कदंबकालीन देवळाचं आहे. या टेकडीवर पूर्वी गणपती होता, तो माणसांनी हलवत हलवत शेवटी खांडोळ्याला नेला. छताचं नक्षीकाम बघताना ताई एकदम म्हणाली, "अरे, हे तर देगावासारखं!" मी तिला काहीच सांगितलेलं नव्हतं. कारागीर तेच की वेगळे, ते कोण सांगणार, पण दगड कोरायची रीत एका घरातली आहे हे साध्या डोळ्यांनाही दिसतं.

टेकडीवरून दक्षिणेला नदीपलीकडे जुन्या गोव्याची चर्चं दिसतात आणि पूर्वेला जुवे बेटाची बाजू. नोव्हेंबर १६८३ मध्ये संभाजी महाराजांच्या माणसांनी रात्री ओहोटीत उतरून जुव्याचा किल्ला घेतला, तेव्हा शहरात हलकल्लोळ झाला होता. परत घ्यायला आलेला व्हाइसरॉय, आल्व्होरचा काउंट, मार खाऊन मागे फिरला आणि त्यानं सेंट झेव्हियरची शवपेटी उघडवून आपला अधिकारदंड त्यांच्या हाती ठेवला. याच लढाईत भरतीच्या पाण्यात संभाजी महाराजांचा घोडा वाहू लागला आणि खंडो बल्लाळांनी त्यांना वाचवलं, असं बखरी सांगतात. पाठ्यपुस्तकात हे दोन ओळींत संपतं. इथे उभं राहिलं की पाणी किती रुंद आहे आणि चिखल किती खोल आहे ते कळतं.

टेकडीवरून उतरून आम्ही खाजनात गेलो. भरतीच्या पातळीखालची ही शेतजमीन मातीच्या बांधांनी नदीपासून राखलेली असते. बांधात जागोजागी मानस. तिची लाकडी दारं अशी टांगलेली असतात की भरतीचं खारं पाणी बाहेरून दाबतं तेव्हा ती आपोआप मिटतात, आणि ओहोटीला आतलं पाणी दाबतं तेव्हा उघडतात. मोटर नाही, वीज नाही. ओहोटीला तोंडाशी जाळं लावून कोळंबी धरतात, आणि त्या मासेमारीच्या हक्काचा लिलाव होतो. दाजी शेतकरी माणूस. ते वाकून दाराच्या फळीची जाडी हातानं मोजत होते, खालच्या चिखलात उतरले आणि बिजागरीची जागा भाच्याला दाखवत राहिले. शेतात कोरगुट भात, खारटपणा सोसणारं. काही तुकडे मात्र पडीक होते, बांध फुटून खारं पाणी आत आलेलं, वर मॅंग्रोव्हची झुडपं.

इथे म्हादईच्या पाणीवाटपाचा प्रश्न माझ्यासाठी बदलला. २०१८ च्या ऑगस्टमध्ये लवादानं कर्नाटकाला १३.४२ टीएमसी पाणी दिलं, त्यातलं मोठं प्रमाण वीजनिर्मितीसाठी. म्हादईचे ओढे वळवणारा कळसा-भांडुरा प्रकल्प हुबळी-धारवाडच्या पिण्याच्या पाण्यासाठी हवा, ही गरजही खरी आहे, आणि तहानलेल्या शहराला नको म्हणायचा मला अधिकार नाही. पण नदीत वरून गोडं पाणी कमी आलं की खारं पाणी वर चढतं, ही साधी गोष्ट बेळगावच्या सभांत मी कधी ऐकली नाही. आम्ही नेहमी पाणी 'समुद्रात वाया जातं' असं बोलतो. ते वाया जात नाही. मानशीच्या दाराशी खारटपणाला रोखून धरणं हेही त्याचं काम आहे. जंगलातल्या ओढ्यांना हात लावायच्या आधी निदान हा हिशेब मांडला गेला पाहिजे, आणि तो खानापूरच्या लोकांनी मागितला पाहिजे, कारण नदी त्यांच्या घरची आहे.

बेटावरच्या दुकानात चहा पिताना बोंदेराचा विषय निघाला. ऑगस्टच्या चौथ्या शनिवारी हा सण होतो. बेटावरच्या वाड्यांमध्ये पूर्वी हद्दींवरून जीवघेणी भांडणं होत. पोर्तुगीज सरकारनं हद्दीवर निशाणं रोवली, लोकांनी ती पाडली. आज त्याच आठवणीत वाडे रंगीत निशाणं घेऊन मिरवणूक काढतात आणि बांबूच्या फोटाशांतून एकमेकांवर हिरवी फळं मारतात. दाजी हे ऐकत गप्प बसले होते. त्यांच्या वडिलांनी महाराष्ट्र-कर्नाटक सीमालढ्यात तुरुंग पाहिलेला. राज्यपुनर्रचना झाली त्या १ नोव्हेंबर १९५६ पासून आमच्या घरांत हद्द हा शब्द हसत कुणी उच्चारलेला नाही. १९६७ चा महाजन अहवाल, २००४ चा सर्वोच्च न्यायालयातला दावा, सगळं तसंच लोंबकळत आहे, आणि आमचा हक्क आम्ही सोडलेला नाही, सोडणारही नाही. तरीही दाजी उठताना म्हणाले, "ऑगस्टात परत येऊया. भांडण मिटल्यावर माणसं कशी दिसतात ते बघायचंय."

पावसात चोर्ल्यात धुकं दाटतं, दरड कोसळायची धास्ती असते, तेव्हा कॅरव्हॅन निपाणीच्या गोठ्याशेजारीच उभी राहील. पण बेळगावहून पणजीला कदंब महामंडळाची बस आहे. पणजीहून जुनं गोवं, तिथल्या धक्क्यावर दिवाडीची फेरी.