सीमेचा तंटा न्यायासनापुढे



गेल्या रविवारी सीमाभागातील एका वृद्ध शेतकऱ्याने मला विचारले, "फादर, आमचे गाव कोणत्या राज्यात राहावे हे दिल्लीचे जज्जसाहेब ठरवणार म्हणतात, ते खरे काय?" प्रश्न साधा, पण उत्तर देताना माझी अंमळ तारांबळच उडाली.

1956 साली राज्यांची पुनर्रचना झाली व बेळगाव तेव्हाच्या म्हैसूर राज्यात गेले. वाद शमेना, म्हणून केंद्र सरकारने 1966 साली न्यायमूर्ती मेहरचंद महाजन यांचा आयोग नेमला. बेळगाव म्हैसूरकडेच राहावे, काही गावांची मात्र अदलाबदल व्हावी, असा अभिप्राय त्यांनी 1967 साली दिला. महाराष्ट्राने तो फेटाळला, संसदेने त्यावर कायदा केला नाही, आणि अखेर 2004 साली महाराष्ट्राने सर्वोच्च न्यायालयात दावा दाखल केला.

आता गंमत पाहा. घटनेच्या 131 व्या कलमान्वये दोन राज्यांचा तंटा त्याच न्यायालयाने ऐकावयाचा, हा महाराष्ट्राचा आधार. कर्नाटकाचे म्हणणे असे की, तिसऱ्या कलमाने सीमा बदलण्याचा अधिकार केवळ संसदेस दिला आहे. तेथे न्यायालयाचे काय काम? म्हणजे भांडण कोणी सोडवावे, याचेच आधी भांडण!

न्यायालयांनी राजकारणास शिवूच नये, असे मात्र मी म्हणणार नाही. 1989 साली कर्नाटकातील बोम्मई सरकार बडतर्फ झाले. बहुमताची परीक्षा राज्यपालांच्या मतावर नव्हे, तर विधानसभेच्या सभागृहातच व्हावी, असे नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने 1994 साली सांगितले. निर्णय उत्तम, तथापि बडतर्फ सरकार काही त्यामुळे परत आले नाही. निदान तेथे मोजण्यास माप तरी होते. सीमेच्या वादात भाषा, भूगोल, लोकेच्छा, खेडे हा घटक, यांपैकी कशाला किती वजन द्यावे हे ठरवावयाचे असते, आणि हे काम माझ्या मते लोकप्रतिनिधींचे. ते त्यांनी टाळले, म्हणूनच ते न्यायासनापुढे येऊन पडले.

दाव्यास वीस वर्षे उलटून गेली, असे मी त्या गृहस्थांना सांगितले. ते हसले. त्यांच्या जमिनीचा उतारा कन्नडमध्ये येतो, तो त्यांना वाचता येत नाही. "नातू वाचून दाखवतो," ते म्हणाले, "तो कन्नड शाळेत जातो."