प्रशासकीय कारणास्तव

१७ ऑक्टोबर २०२४ रोजी मी बंगळुरूच्या चिन्नास्वामी मैदानावर होतो. न्यूझीलंडविरुद्धच्या कसोटीचा पहिला दिवस पावसाने वाया गेला होता आणि दुसऱ्या दिवशी भारताचा संपूर्ण डाव ४६ धावांत आटोपला. पाच फलंदाज शून्यावर बाद झाले. मायदेशातील कसोटीत भारताची इतकी कमी धावसंख्या पूर्वी कधी झाली नव्हती. त्या पाचांत के. एल. राहुल होता, म्हणजे कर्नाटकाचा घरचा खेळाडू, आणि सर्फराज खान होता, म्हणजे मुंबईचा. शुभमन गिल मानेच्या दुखण्यामुळे बाहेर होता. तो परतल्यावर या दोघांपैकी एकाला जागा सोडावी लागणार, हे सर्वांना कळून चुकले होते. त्यामुळे चहापानापूर्वीच आमच्या रांगेत निवड समिती भरली.

माझ्याबरोबर एक कन्नड सहकारी होते. कार्यालयात माझ्याहून ज्येष्ठ, मितभाषी आणि हिशेबी. त्यांनी राहुलची बाजू घेतली. मी सर्फराजची घेतली. दोघांनीही आकडे मांडले, दोघांनीही सोयीचे आकडे निवडले. दोन दिवसांनी सर्फराजने दुसऱ्या डावात १५० धावा केल्या आणि मी जिंकलो असे मला वाटले. सामना मात्र न्यूझीलंडने आठ गडी राखून जिंकला. पुण्याच्या कसोटीत राहुल बाहेर गेला, सर्फराज राहिला. माझे सहकारी एवढेच म्हणाले, ‘‘तुमची मुंबईची माणसे आहेत ना तिथे.’’ ते वाक्य मला लागले. पण मी राहुलच्या जागी असतो तर मीही तेच म्हटले असते, हे मला नाकारता येत नाही.

प्रस्तुत लेख क्रिकेटवर नाही, किंवा केवळ क्रिकेटवर नाही. माणसे निवडणे आणि माणसे वगळणे हे प्रशासनाचे नित्याचे काम आहे, आणि आपल्या देशात ते सर्वाधिक लोकांच्या डोळ्यांसमोर कुठे होत असेल तर क्रिकेट संघाच्या निवडीत. म्हणून हे उदाहरण घेतो.

प्रथम एक गैरसमज दूर करतो. प्रेक्षकांनी संघ निवडावा असे माझे मत नाही. पुण्याच्या सामन्यापूर्वी प्रशिक्षक गौतम गंभीर यांनी, समाजमाध्यमांवरील मतांवरून संघ ठरत नाही, असे स्पष्ट सांगितले. ते तत्त्वतः बरोबरच होते. प्रेक्षकांचा निर्णय मानला असता तर काय झाले असते ते पाहा. ज्याच्यासाठी मी भांडलो त्या सर्फराजने पुढच्या चार डावांत ११, ९, ० आणि १ अशा धावा केल्या. ज्याला मी बाहेर काढायला निघालो होतो त्या राहुलने २०२५ च्या इंग्लंड दौऱ्यातील पाच कसोटींत ५३२ धावा केल्या. माझ्यासारख्याच्या हाती निवड दिली असती तर भारतीय क्रिकेटचे भले झाले नसते. निवडीचा अधिकार निवडणाऱ्यांकडेच राहावा. माझी तक्रार अधिकाराबद्दल नाही, मौनाबद्दल आहे.

या मौनाचा सर्वात बोलका दाखला बंगळुरूचाच आहे. करुण नायर हा याच शहरात वाढलेला फलंदाज. १९ डिसेंबर २०१६ रोजी चेन्नईत इंग्लंडविरुद्ध त्याने नाबाद ३०३ धावा केल्या. भारताकडून त्याच्यापूर्वी केवळ वीरेंद्र सेहवागने कसोटी त्रिशतक केले होते. पुढची कसोटी फेब्रुवारी २०१७ मध्ये हैदराबादला बांगलादेशाविरुद्ध झाली, आणि तीत करुण नव्हता. त्याची जागा दुखापतीतून परतलेल्या अजिंक्य रहाणेला मिळाली.

त्या वेळी बंगळुरूत केवढा गहजब झाला! मी मात्र रहाणेच्या बाजूने तावातावाने बोलत होतो, आणि डोंबिवलीत वाढलेल्या मुलाविषयीची माया त्यात अजिबात नव्हती असे म्हणणे खोटेपणाचे ठरेल. परंतु आजही तो निर्णय मला चुकीचा वाटत नाही. याचे कारण असे की त्या निर्णयाला कारण दिले गेले होते. एका खेळाडूच्या एका डावामुळे दुसऱ्याने दोन वर्षे केलेले काम पुसले जात नाही, अशा आशयाचे विधान कर्णधार विराट कोहलीने जाहीरपणे केले होते. ते कोणाला पटो वा न पटो, त्यावर वाद घालता येत होता. करुणलाही कळत होते की आपण कोठे उभे आहोत.

खरा दोष पुढे घडला. मार्च २०१७ मध्ये ऑस्ट्रेलियाविरुद्ध त्याला तीन कसोटी मिळाल्या. चार डावांत २६, ०, २३ आणि ५. त्यानंतर तो बाहेर गेला. एवढ्या धावांवर कोणीही बाहेर जाईल, यात अन्याय नाही. २०१८ च्या इंग्लंड दौऱ्यासाठी मात्र तो पुन्हा संघात निवडला गेला. मूळ संघात असूनही तो एकही कसोटी खेळला नाही, आणि ओव्हलच्या शेवटच्या कसोटीत, दौऱ्याच्या अखेरीस बोलावलेल्या हनुमा विहारीला पदार्पणाची संधी मिळाली. विहारीने ५६ धावा करून ती सार्थही केली. पाठोपाठ वेस्ट इंडीजविरुद्धच्या मालिकेसाठी करुणला डच्चू मिळाला. करुण म्हणाला की आपल्याशी कोणीच काही बोलले नाही. तेव्हाचे निवड समितीचे अध्यक्ष एम. एस. के. प्रसाद म्हणाले की आपण त्याच्याशी स्वतः बोललो आहोत.

वाचकहो, यांपैकी खरे कोण, हा माझा प्रश्न नाही. कदाचित दोघेही आपापल्या परीने खरे असतील. माझा प्रश्न असा आहे की हे ठरवण्यासाठी कागद कुठे आहे? एका माणसाच्या उपजीविकेचा निर्णय झाला, आणि त्याचे कारण त्याला सांगितले की नाही याचा पुरावा दोन माणसांच्या स्मरणशक्तीपलीकडे कुठेही उरला नाही.

हे मी इतक्या तावातावाने लिहितो आहे, कारण हाच अपराध माझ्या हातून घडलेला आहे. बरीच वर्षे झाली. महाराष्ट्रातील एका जिल्ह्यात मी काम करत असताना माझ्या हाताखाली एक तरुण अधिकारी होता. एका पूरस्थितीत त्याने केलेले काम असे होते की त्याचे नाव वरपर्यंत गेले. त्यानंतरचे वर्ष त्याला जड गेले. प्रकरणे तुंबली, दोन अहवाल अर्धवट आले. मी त्याला महत्त्वाच्या कामातून काढले आणि दुसरीकडे पाठवण्याची शिफारस केली. आदेशात शब्द होते : ‘प्रशासकीय कारणास्तव’. सरकारी नोकरीत आयुष्य घालवलेल्या प्रत्येकाला ठाऊक आहे की या दोन शब्दांत कारण सोडून सर्व काही असते.

पुष्कळ वर्षांनी एका लग्नात तो भेटला. केस पांढरे झाले होते. इकडचे तिकडचे बोलणे झाल्यावर तो हळूच म्हणाला, ‘‘साहेब, आता विचारायला हरकत नाही. माझं नेमकं काय चुकलं होतं?’’ मी म्हटले, ‘‘अहो, मी तुम्हाला त्याच वेळी बोलावून सांगितलं होतं.’’ तो क्षणभर माझ्याकडे पाहत राहिला आणि म्हणाला, ‘‘नाही साहेब. तुम्ही चहा दिला होतात. सांगितलं काहीच नव्हतं.’’ मला आजही आठवते की मी सांगितले होते. त्याला आठवते की मी सांगितले नव्हते. आणि संचिकेत त्या दोन शब्दांपलीकडे काही नाही. एवढी वर्षे तो आपल्या जातीला, कोणा आमदाराला, एका सहकाऱ्याला दोष देत राहिला होता. तुंबलेल्या प्रकरणांचा विचार त्याच्या मनाला शिवलाही नव्हता. तो शिवावा अशी व्यवस्था मी केलीच नव्हती.

कारण दिले नाही की माणूस कारण शोधतो. त्याला जे सापडते ते बहुधा जातीचे, प्रांताचे किंवा वशिल्याचे असते. चिन्नास्वामीच्या आमच्या रांगेत दुसरे काय चालले होते?

सरकारने या बाबतीत उशिरा का होईना, पण शहाणपण शिकले आहे. मे २००८ मध्ये देव दत्त विरुद्ध भारत सरकार या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला की गोपनीय अहवालातील प्रत्येक नोंद, मग ती चांगली असो वा वाईट, संबंधित कर्मचाऱ्यास कळवली पाहिजे. मे २००९ मध्ये केंद्र सरकारने तसे आदेश काढले आणि अहवालावर निवेदन करण्यासाठी पंधरा दिवसांची मुदत दिली. तेव्हा आमच्यापैकी कित्येकांनी, आता कामकाज अशक्य होईल, अशी भीती व्यक्त केली होती. मीही केली होती. कामकाज चालूच राहिले.

यावर तीन आक्षेप घेतले जातील.

पहिला : संघनिवड म्हणजे सरकारी नेमणूक नव्हे. खरे आहे. परंतु भारतीय क्रिकेट नियामक मंडळ सार्वजनिक स्वरूपाचे कार्य करते, हे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१५ मध्ये स्पष्ट केले आहे. देशाच्या नावाने संघ उतरवायचा आणि उत्तरदायित्वाची वेळ आली की खासगी संस्था म्हणवायचे, हे दोन्ही एकदम चालणार नाही.

दुसरा : कारणे उघड केली तर डावपेच उघड होतील. मी डावपेच मागत नाही. अंतिम अकरा कोण, हे नाणेफेकीपर्यंत गुप्त ठेवा. वगळलेल्या खेळाडूला तो का वगळला हे सांगितल्याने प्रतिस्पर्ध्याला कोणते गुपित कळते?

तिसरा आक्षेप अधिक गंभीर आहे : कारणे लिहायला लावली की ती साचेबंद होतात. हे मी अनुभवाने मान्य करतो. ‘प्रशासकीय कारणास्तव’ हा साचाच होता. पण यावर उपाय कारण न देणे हा नसून खरे कारण देणे हा आहे. तेही अशक्य नाही. ४६ धावांच्या त्या दिवशीच रोहित शर्माने पत्रकारांसमोर कबूल केले की खेळपट्टी ओळखण्यात आपली चूक झाली. आमच्या गटात नाणेफेकीवरचा वाद त्याच रात्री मिटला. राहुल-सर्फराजचा वाद अजून मिटलेला नाही.

करुणची पुढची कथा बहुतेकांना ठाऊक आहे. कर्नाटकाच्या संघातही त्याला जागा उरली नाही. डिसेंबर २०२२ मध्ये त्याने समाजमाध्यमावर जाहीरपणे आणखी एक संधी मागितली. ती त्याने निवड समितीकडे मागितली नाही, साक्षात क्रिकेटकडे मागितली. ज्याला कार्यालयाचा पत्ताच सापडत नाही तो अर्ज देवाच्या नावे लिहितो. २०२३ मध्ये तो विदर्भाकडे गेला. २०२४-२५ च्या विजय हजारे स्पर्धेत त्याने पाच शतकांसह ७७९ धावा केल्या, त्याच मोसमात रणजी करंडकात ८६३, आणि नागपूरच्या अंतिम सामन्यात शतक ठोकून विदर्भाला करंडक मिळवून दिला. २०२५ मध्ये, आठ वर्षांनंतर, तो पुन्हा भारताकडून खेळला. इंग्लंडमध्ये चार कसोटींत आठ डाव, २०५ धावा, एकच अर्धशतक. पुढच्या मालिकेत त्याला वगळले गेले. तेव्हा निवड समितीचे अध्यक्ष अजित आगरकर यांनी, त्याच्याकडून अधिक धावांची अपेक्षा होती, असे सरळ सांगितले.

माझ्या कन्नड सहकाऱ्यांना त्याचे दुःख झाले, मलाही झाले. पण या वेळी त्यांनी मुंबईचे नाव काढले नाही. ‘‘निदान सांगितले तरी,’’ असे ते म्हणाले.

माझी मागणी लहान आहे. वगळलेल्या खेळाडूस सात दिवसांत दोन ओळींचे लेखी कारण मिळावे. परत येण्यासाठी त्याने काय करावे, हे त्यात असावे. आणि त्याची एक प्रत मंडळाच्या दप्तरी राहावी. यासाठी ना कायदा लागतो ना निधी. सध्या कोणत्याही समितीवर, शाळेच्या, सोसायटीच्या वा महाराष्ट्र मंडळाच्या, असलेल्या प्रत्येक वाचकाने ही मागणी प्रथम स्वतःकडे करावी. आपण परप्रांतात राहतो. इथे आपण कोणाला कारण न देता वगळले, तर तो आपल्याला नव्हे, आपल्या भाषेला दोष देईल. आणि आपल्याला कोणी वगळले, तर आपणही तेच करू.

त्या लग्नानंतर मी माझ्या जुन्या अधिकाऱ्याला पत्र लिहिले. काय चुकले होते, ते त्यात मुद्देसूद लिहिले, आणि माझे काय चुकले तेही. त्याचे उत्तर एका ओळीचे आले : पत्र जपून ठेवले आहे.